कैरोची गल्ली, अबेओकुटाचा बाजार: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की बाहेरच्या देशांबद्दल, तिथल्या माणसांबद्दल गोष्टीरूपात काय वाचायचंय ते कळवा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं सगळीकडून इतकं आलंय की या वेळची सगळी जागा त्यालाच देतेय. पुस्तकं निवडताना मी काय बघते ते आधीच सांगते. शक्यतो त्याच मातीतल्या माणसाने लिहिलेलं हवं आणि त्यात तिथला साधा दिवस दिसायला हवा, म्हणजे घरात आधी कोण जेवतं, भाडं मागायला कोण येतं, मुलगी बाहेर पडली की खिडकीतून कोण बघतं. युद्ध, क्रांती हे सगळं अशा साध्या दिवसात घुसतं ना, तेव्हाच ते आपल्याला खरं कळतं असं माझं ठाम मत आहे.

ताई, नमस्कार. सगळं आयुष्य गिरगावात चाळीत गेलं. आता चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, आम्ही तात्पुरते दहिसरला भाड्याने राहतोय. मीना प्रभूंचं 'तुर्कनामा', 'इजिप्तायन', पुलंचं 'अपूर्वाई' सगळं वाचून झालंय. पण प्रवासवर्णनात लेखक बघून परत येतो. मला तिथे राहायचंय, शेजारपाजार कळायला हवा. इंग्रजीची अडचण नाही, बँकेत होतो.
(निवृत्त वाचक, दहिसर)

काका, तुमच्यासाठी पहिलं नाव लगेच सुचलं, इजिप्तच्या नगीब महफूझ यांचं 'मिदाक ॲली'. 1947 सालचं पुस्तक, काळ दुसऱ्या महायुद्धाचा आणि सगळी गोष्ट कैरोच्या जुन्या भागातल्या एका छोट्या गल्लीत घडते. तिथे मिठाईवाला काका कामिल आहे, जो दुकानाच्या दारात खुर्ची टाकून हातात माशा हाकलायचा झुपका धरून डुलक्या काढतो आणि गिऱ्हाईक आलं की दचकून उठतो. शेजारीच तरुण न्हावी अब्बास, तो कामिलला सांगतो की तुझ्यासाठी मी कफन घेऊन ठेवलंय बरं का, आणि तो भोळा माणूस खूश होऊन त्याला आशीर्वाद देतो. घरमालकीण विधवा आहे, तिला परत लग्न करायचंय पण तोंडाने म्हणायचं नाहीये, म्हणून ती लग्नं जुळवणाऱ्या बाईकडे भाड्याचं निमित्त काढून गप्पा मारायला जाते. हा प्रसंग वाचताना तुम्हाला चाळीतलं कोण आठवेल ते मला नक्की कळवा.

त्यात अगदी सुरुवातीला एक प्रसंग आहे. गल्लीतल्या किर्शाच्या कॅफेत एक म्हातारा गायक वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी रबाब घेऊन जुन्या वीरांच्या कथा गाऊन दाखवतोय, आणि एक दिवस मालक त्याला सरळ सांगतो की आता नको, लोकांना त्या गोष्टी पाठ झाल्यात, आता आम्ही रेडिओ बसवतोय. भिंतीवर रेडिओ ठोकायचं काम चालू आहे आणि म्हातारा मुलाचा हात धरून निघून जातो. दोन-तीन पानांचा प्रसंग आहे, पण इजिप्त कसं बदलत होतं ते मला त्यातून जितकं कळलं तितकं इतिहासाच्या जाड पुस्तकातून कळलं नव्हतं. पुढे अब्बास पैसे कमवायला ब्रिटिश सैन्याच्या छावणीत नोकरी धरतो, कारण हमीदाशी लग्न करायचंय आणि हमीदाला गल्लीतून बाहेर पडायचंय, पुढचं सांगत नाही.

ते आवडलं तर महफूझ यांचीच कैरोची तीन पुस्तकांची मालिका घ्या, 'पॅलेस वॉक' हे पहिलं. एका व्यापाऱ्याच्या घरातल्या पिढ्यांची ही गोष्ट पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्यापर्यंत चालते. बाहेर रंगेल आणि घरात कडक असा तो बाप, आणि मध्यरात्री उठून त्याच्यासाठी जिन्यावर दिवा धरून उभी राहणारी त्याची बायको अमीना. ती इतकी वर्षं लग्नाची असून एकटी घराबाहेर पडलेली नाही, आणि नवरा गावाला गेलेला असताना मुलांच्या आग्रहाने एकदाच जवळच्या हुसेन मशिदीत जाऊन येते, त्याचं पुढे घरात जे होतं ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. महफूझ यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं.

आणि तुमची चाळ पाडताहेत म्हणून मुद्दाम अजून एक, तुर्कस्तानच्या ओरहान पामुक यांचं 'अ स्ट्रेंजनेस इन माय माइंड'. मेवलुत नावाचा मुलगा 1969 मध्ये बारा वर्षांचा असताना गावाहून इस्तंबूलला बापाकडे येतो, दोघं खांद्यावर कावड घेऊन दही विकतात आणि रात्री बोझा, म्हणजे धान्य आंबवून केलेलं घट्ट आंबटगोड पेय. रिकाम्या टेकड्यांवर रातोरात भिंती उभ्या करून घरं बांधायची, मग कागद मिळवायचे, मग निवडणुकीच्या आसपास ती कायम व्हायची आणि चाळीसेक वर्षांनी तिथेच बिल्डर येऊन टॉवर बांधणार, कोणाला किती फ्लॅट यावरून भावाभावांत वाद. सगळं तुर्कस्तानचं आहे, पण मुंबईकराला एक ओळही समजावून सांगावी लागत नाही. पुस्तक जाड आहे, दहिसरला आहात तोवर होईल वाचून.

मॅडम, मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी करते. बसायला मिळालं तर मिळालं, नाहीतर उभ्याने. मोबाइलवर किंवा पातळ पुस्तक चालेल. एका आठवड्यात संपेल असं बाहेरच्या देशातलं काहीतरी सांगा, आणि प्लीज हातात धरून हात दुखेल असं नको.
(वाचक, डोंबिवली)

जपानच्या सायाका मुराता यांचं 'कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन' घे. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात अठरा वर्षं काम करणारी छत्तीस वर्षांची केइको, लग्न नाही, दुसरी नोकरी नाही, आणि ती मजेत आहे. त्रास तिला नाहीये, तिच्या बहिणीला, मैत्रिणींना, मैत्रिणींच्या नवऱ्यांना आहे, की ही अशी कशी राहते, हिचं काहीतरी करायला पाहिजे. लेखिका स्वतः अशा दुकानात काम करायच्या त्यामुळे दुकानातले बारीक आवाज, दाराची घंटा, स्कॅनरची टिकटिक, गरम दिवस असेल तर आज थंड पेयं पुढे मांडायची हे सगळं इतकं बरोबर आलंय की बास. 2016 मध्ये याला जपानचा अकुतागावा पुरस्कार मिळाला. इंग्रजी अगदी सोपं आहे.

नंतर मार्केझ यांचं 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड', कोलंबियातल्या नदीकाठच्या गावातलं, तेही पातळ. सांतियागो नासारला आज मारणार हे पहिल्याच वाक्यात कळतं, मारणारे स्वतःच बाजारभर सांगत फिरतात, सगळ्या गावाला माहीत असतं आणि तरी ते थांबत नाही. मार्केझ म्हटलं की लोक थेट 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' हातात देतात, आणि एकाच नावाची इतकी माणसं बघून अर्ध्यावर सोडलेल्या वाचकांची कितीतरी पत्रं मला आलीत. आधी हे छोटं वाच, मग ते मोठं आपोआप पुढे सरकतं.

एक मात्र गाडीत वाचू नकोस, कोरियाच्या शिन क्युंग-सूक यांचं 'प्लीज लुक आफ्टर मॉम'. गावाकडचे आई-वडील मुलांकडे सोलला येतात, सोल स्टेशनवर वडील नेहमीसारखे पुढे चालत मेट्रोत चढतात, दार बंद होतं आणि आई फलाटावर राहते. मग मुलं तिला शोधायला लागतात आणि पत्रक छापायला बसल्यावर आईचा फोटो कुठला द्यायचा, तिची जन्मतारीख नक्की कुठली यावरच वाद होतात. हे घरी वाच, दार लावून.

आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा वाचनगट आहे. 'नॉट विदाऊट माय डॉटर' वाचलं, नंतर खालिद होसैनी यांची दोन वाचली. आता गटात दोन तट पडलेत. काहीजणी म्हणतात इराण-अफगाणिस्तानबद्दल कळलं, आता नको ते. मी म्हणते असं कसं कळलं? तुम्ही काय म्हणाल?
(गृहिणी, मुलुंड)

मी तुमच्या बाजूने आहे ताई, आणि जरा सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न मला खूप जवळचा आहे.

बेट्टी महमूदी यांचं पुस्तक लीना सोहोनी यांच्या अनुवादामुळे महाराष्ट्रात घराघरात गेलं. 1984 मध्ये दोन आठवड्यांसाठी म्हणून मुलीला घेऊन तेहरानला गेलेली अमेरिकन बाई, नवरा परत जाऊ देत नाही, आणि 1986 मध्ये ती डोंगरातून तुर्कस्तानात पळून येते. तिने जे भोगलं ते तिने लिहिलं, त्यात खोट काढायचं कारण नाही. पण त्यात आपल्याला दिसतं ते एक घर, एक नवरा, युद्धाचा काळ, आणि तेही भाषा न येणाऱ्या, कोंडून ठेवलेल्या बाईच्या नजरेतून. तिथून आपण सगळा इराण ओळखला म्हणणं म्हणजे इराणवर अन्याय आहे. नायजेरियाच्या चिमामांडा अदिची यांनी 2009 च्या एका भाषणात हेच फार छान मांडलंय की एखाद्या देशाची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की तो देश म्हणजे तेवढंच असं वाटायला लागतं. यूट्यूबवर आहे, वीसेक मिनिटांचं, गटात एकत्र बसून ऐका.

आता पुढे काय वाचायचं. पहिलं मर्जान सत्रापी यांचं 'पर्सेपोलिस'. चित्रांतून सांगितलेली आत्मकथा आहे, काळीपांढरी चित्रं, त्यामुळे गटात ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनाही चालेल. 1979 ची क्रांती झाली तेव्हा मर्जान शाळेत होती, पुढच्या वर्षी शाळेत मुलींना स्कार्फ सक्तीचा झाला आणि पहिल्याच पानांवर काय दिसतं तर मैदानात त्या पोरी त्याच कापडाची दोरी करून उड्या मारताहेत. मग इराकशी युद्ध सुरू होतं, बॉम्ब पडतात, ओळखीतली माणसं तुरुंगात जातात, आणि त्यातच आई-बाबा तुर्कस्तानला जाऊन येताना लेकीसाठी गायकांची पोस्टर्स आणतात, ती कस्टममधून न्यायची कशी तर बाबांच्या कोटाच्या अस्तरात शिवून! बाबा तो ताठ झालेला कोट घालून चालताहेत हे चित्र बघितलं की या घरातल्या माणसांशी नातं जुळतं. मर्जानचा हा बापही इराणी आहे, आणि बेट्टीचा नवराही इराणी होता. तुमच्या मैत्रिणींना एवढंच दाखवा.

दुसरं म्हणजे इराणी लोक स्वतःवर कसे हसतात ते बघायचं असेल तर इराज पेझेश्कझाद यांचं 'माय अंकल नेपोलियन'. 1973 मध्ये आलं, त्यावर निघालेली टीव्ही मालिका इराणमध्ये प्रचंड गाजली. 1940 च्या दशकातलं तेहरान, एका मोठ्या बागेत सगळ्या भावंडांची घरं, आणि थोरला काका ज्याची खात्री आहे की इंग्रज सरकार खास त्याच्यामागे लागलंय, घरात काहीही बिघडलं तरी हात इंग्रजांचाच. त्याचा नोकर मश कासिम त्या काकाच्या नसलेल्या लढायांच्या साक्षी देतो. आणि निवेदक मुलगा एका उन्हाळ्याच्या दुपारी पावणेतीनच्या सुमाराला त्याच काकाच्या मुलीच्या प्रेमात पडतो, वेळेसकट सांगतो तो. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे पुस्तक खदाखदा हसवेल. सोबत मीना प्रभूंचं 'गाथा इराणी' ठेवा, मराठी डोळ्यांनी बघितलेला इराण म्हणून.

होसैनींबद्दल एकच सांगते, 'द काइट रनर' परत उघडलंत तर पहिला भाग जरा हळू वाचा. 1975 चं काबूल, हिवाळ्यात शाळा बंद, काचेची पूड लावलेला मांजा, कापलेल्या पतंगामागे गल्लीबोळांतून धावणारी पोरं. नंतरच्या भयंकर गोष्टींच्या नादात आपण ते शहर विसरून जातो आणि लेखकाला खरं तर तेच शहर आपल्याला दाखवायचं होतं असं मला वाटतं.

ताई आम्ही वेसाव्याचे कोळी. मी स्वतः बोटीवर जात नाही, नोकरी करतो, पण बाबा आणि काका आत्ता आत्तापर्यंत जायचे. दुसऱ्या देशातल्या मासेमारी करणाऱ्या लोकांवरची पुस्तकं आहेत का? बाबांना वाचून दाखवायचंय, म्हणून एखादं तरी मराठीत हवं.
(वाचक, वर्सोवा)

किती छान प्रश्न! मराठीत लगेच मिळेल असं म्हणजे हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी', पुलंनी 'एका कोळियाने' या नावाने केलंय. हेमिंग्वे अमेरिकन, पण हवानाजवळ कितीतरी वर्षं राहिलेला आणि स्वतः त्या पाण्यात मासेमारी केलेला. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा सांतियागो एकटाच लांब जातो, त्याच्या होडीपेक्षा दोन फूट लांब मासा गळाला लागतो आणि तो मासा होडीच ओढत नेतो. बाबांना वाचून दाखवताना घाई करू नकोस, कारण यातली खरी मजा कामाच्या तपशिलात आहे, चार दोऱ्या किती किती खोल सोडल्यात, दोरी पाठीवरून कशी घेतलीय, डावा हात आखडला तर काय करायचं. अंगात ताकद राहावी म्हणून तो कच्च्या माशाच्या पट्ट्या कापून खातो आणि मनात म्हणतो लिंबू नाहीतर मीठ तरी आणायला हवं होतं. सकाळी बाकीचे कोळी ज्याची चव आवडत नाही म्हणून टाळतात ते शार्कच्या लिव्हरचं तेल हा कपभर पितो, डोळ्यांना चांगलं म्हणून. बाबा अशा ठिकाणी थांबवून स्वतःचं काहीतरी सांगायला लागतील, तेव्हा पुस्तक बाजूला ठेव आणि ते ऐक, जमलं तर रेकॉर्ड करून ठेव.

बाकीची दोन इंग्रजीत आहेत, तू वाचून त्यांना गोष्ट सांग. जपानच्या मिशिमा यांचं 'द साउंड ऑफ वेव्ह्ज', चौदाशे वस्तीचं छोटं बेट, पुरुष बोटीवर आणि बायका बुडी मारून समुद्रतळाचे शिंपले काढतात, त्यात शिंजी नावाच्या गरीब खलाशाची साधी सरळ प्रेमकथा. आणि आइसलंडच्या हाल्दोर लाक्सनेस यांचं 'द फिश कॅन सिंग', हे माझं अतिशय लाडकं. रेक्याविक अजून छोटं गाव होतं तेव्हाची गोष्ट, त्यात आजोबा ब्योर्न मासे पकडून हातगाडीवर घालून विकतात आणि बाजारात भाव चढला काय, पडला काय, ते आपला दर बदलत नाहीत. आवक कमी असताना सगळे दुप्पट घेताहेत आणि हे त्याच भावात देताहेत, उलट भरपूर मासळी आलेल्या दिवशी इतर जण स्वस्त विकतात तरी यांचा दर तोच. वेसाव्याच्या बाजारात यावर काय चर्चा होईल ते मला खरंच ऐकायचंय.

मुलगा नऊ वर्षांचा, मराठी माध्यम. जपानी कार्टून बघतो सारखा. जपानबद्दल किंवा कुठल्याही देशाबद्दल मराठीतून वाचायला काय देऊ?
(आई, लालबाग)

'तोत्तोचान', दुसरा विचारच करू नका. तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या शाळेबद्दल लिहिलंय, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला, त्यामुळे परवडणारा. एका शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला आई दुसऱ्या शाळेत नेते, तिथे वर्ग भरतात रेल्वेच्या जुन्या डब्यांत, आणि मुख्याध्यापक कोबायाशी सर पहिल्याच दिवशी तिला म्हणतात की तुला जे सांगायचंय ते सगळं सांग, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार तास ऐकत बसतात. डब्यात थोडं समुद्राचं आणि थोडं डोंगराचं काहीतरी हवं असा तिथला नियम, ते वाचल्यावर तुमचाही मुलगा डबा उघडून काय समुद्राचं काय डोंगराचं ते शोधेल. शेवटी युद्धात विमानांच्या बॉम्बमुळे ही शाळा जळते, ते पान तुम्ही सोबत बसून वाचा.

दोन-तीन वर्षांनी 'पाडस' द्या, राम पटवर्धनांनी केलेलं. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या जंगलातलं एकटं घर, ज्योडी आणि त्याचं हरणाचं पिल्लू. पटवर्धनांचं मराठी इतकं सुंदर आहे की मोठ्या माणसांनीही नुसत्या भाषेसाठी वाचावं. शेवट जड आहे, नऊ वर्षांच्या मुलाला आत्ताच नको. घरात मुली असतील तर शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' आहेच, मुलग्यांनाही आवडतं ते, उगाच मुलींचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नका.

मी या वर्षी पन्नास देश पन्नास पुस्तकं असं चॅलेंज घेतलंय. लिस्ट द्याल का?
(कॉलेज विद्यार्थी, विलेपार्ले)

लिस्ट नाही देणार रे. पन्नासच्या जागी पाच देश घे आणि प्रत्येकाची चार-पाच वाच, त्यात एक बाईने लिहिलेलं, एक जुनं, एक विनोदी, आणि एक असं की त्या देशातल्याच दुसऱ्या भाषेतल्या किंवा जमातीतल्या लेखकाचं. कोणी महाराष्ट्र कळावा म्हणून एकच पुस्तक मागितलं तर तू कुठलं देशील, ठरव बघू, आणि मग त्यात कोण कोण राहून गेलं ते मोज.

ही पुस्तकं मिळणार कुठे? सगळी विकत घेणं शक्य नाही.
(बऱ्याच जणांचा प्रश्न)

मराठी अनुवादांसाठी आधी लायब्ररी. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासूनचं आहे, शहरात त्यांच्या शाखा आहेत, डोंबिवलीकरांना पै फ्रेंड्स लायब्ररी माहीतच आहे. विकत घ्यायचं तर दादरला आयडियल, इंग्रजीसाठी फोर्टात किताबखाना, आणि जुनी पुस्तकं फ्लोरा फाऊंटनच्या किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर. तिथल्या विक्रेत्याला नुसतं 'काहीतरी चांगलं द्या' म्हणू नका, लेखकाचं नाव लिहून न्या, नसेल तर पुढच्या आठवड्यात काढून ठेवतात. सोव्हिएत काळातली मराठी पुस्तकं फुटपाथवर दिसली तर सोडू नका, त्यात किर्गिझस्तानच्या चिंगिझ ऐतमातोव यांचं काहीही हाती लागलं तर घेऊनच या.

ताई, माझी मुलगी लग्न होऊन नायजेरियाला लागोसला गेलीय, जावयांची तिथे नोकरी आहे. मला त्या देशाबद्दल काहीच माहीत नाही, बातम्या बघितल्या की पोटात गोळा येतो. फोनवर ती म्हणते आई सगळं छान आहे, पण माझ्या जिवाला चैन पडत नाही. काय वाचू म्हणजे तिचं रोजचं जगणं मला कळेल?
(आई, गोरेगाव)

काकू, तुम्ही बातम्यांच्या ऐवजी गोष्टी मागितल्यात हेच मला फार आवडलं. नायजेरिया म्हटलं की सगळे आधी चिनुआ अचेबे यांचं 'थिंग्ज फॉल अपार्ट' सांगतील, 1958 चं, आणि ते वाचायलाच हवं. ओकोंक्वो नावाच्या कर्तबगार, रागीट माणसाची आणि त्याच्या उमुओफिया गावाची गोष्ट, गोरे लोक यायच्या आधीपासून सुरू होते. त्यात पेरणीच्या आधी शांततेचा एक आठवडा पाळतात, त्या आठवड्यात कोणी कोणाशी कडक बोलायचंसुद्धा नाही, आणि ओकोंक्वोची धाकटी बायको मैत्रिणीकडे केस विंचरून घ्यायला जाते, स्वयंपाक राहतो, हा भडकून तिला मारतो. गावात त्याचा केवढा दबदबा, तरी पुजारी घरी येऊन त्याला सुनावतो आणि दंड करतो, एक शेळी, एक कोंबडी, कापड आणि शंभर कवड्या. म्हणजे तिथे कायदा नव्हता, गोऱ्यांनी आणला, हे जे आपण शाळेपासून ऐकतो ते त्या एका प्रसंगातच गळून पडतं.

पण अचेबे इग्बो समाजाचे, पूर्वेकडचे, चिमामांडा अदिचीही इग्बो. तुमची मुलगी लागोसला आहे, तो योरुबा लोकांचा भाग. म्हणून तुमच्यासाठी मी वोले शोयिंका यांचं 'आके' निवडलंय, त्यांच्या लहानपणाच्या आठवणी, लागोसच्या उत्तरेला अबेओकुटा नावाचं गाव आहे तिथल्या. शोयिंकांना 1986 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, ते मिळवणारे आफ्रिकेतले ते पहिले. नाटकं अवघड आहेत त्यांची, हे पुस्तक मात्र कोणालाही वाचता येईल. वडील शाळेचे हेडमास्तर, घर पोरांनी आणि पाहुण्यांनी भरलेलं, आणि छोटा वोले तीन वर्षांचाही झाला नसेल, थोरली बहीण शाळेत जाते म्हणून वडिलांच्या टेबलावरची पुस्तकं उचलून तिच्या मागे शाळेत जाऊन बसतो. आपल्याकडच्या देवळाच्या जागी तिथे चर्च आहे, वडाच्या पाराच्या जागी दुसरी झाडं आहेत, भुतांच्या गोष्टी तितक्याच आहेत. बाजारातल्या खाण्याच्या वासांवर त्यांनी जे लिहिलंय ते वाचून मुलीला फोन करा आणि विचारा यातलं काय काय तुझ्याकडे मिळतं.

शेवटच्या भागात तर बायकाच बायका आहेत. 1940 च्या दशकात तिथल्या बाजारात माल विकणाऱ्या बायकांवर कर लावलेला होता आणि रस्त्यात अडवून वसुली चालायची. आधी शिकलेल्या बायकांचा एक गट जमतो, मुलांचं पोषण वगैरे विषयांवर बोलायला, मग बाजारातल्या बायका येऊन त्यांना आपलं दुखणं सांगतात, मग अक्षरवर्ग सुरू होतात आणि बघता बघता हजारो बायका राजाच्या वाड्यावर जाऊन बसतात. पुढारी होत्या फुनमिलायो रॅनसम-कुटी, शोयिंकांची आई त्यात, आणि हा पोरगा निरोप्या म्हणून इकडून तिकडे पळतोय. 1949 मध्ये राजाला गादी सोडावी लागली. तुमच्या मुलीला तिथे भाजी, कापड विकणाऱ्या ज्या बायका रोज भेटत असतील त्यांच्या आज्या-पणज्यांची ही गोष्ट आहे काकू, आणि तुम्ही गोरेगावच्या मार्केटमधल्या बायका बघितल्यात, तुम्हाला ही माणसं परकी वाटणार नाहीत.

आजचं लागोस हवं असेल तर अदिचींचं 'अमेरिकाना', त्यात नायिका अमेरिकेतून परत लागोसला येते तो भाग. 1967 ते 70 च्या बियाफ्रा युद्धावरचं, म्हणजे नायजेरियातल्या यादवीवरचं, त्यांचंच 'हाफ ऑफ अ यलो सन' फार मोठं पुस्तक आहे, पण ते आत्ता नको, मन थोडं स्थिर झालं की वाचा. इंग्रजी जड वाटलं तर 'आके' रोज थोडंथोडं मुलीलाच फोनवर वाचून दाखवायला सांगा, तिलाही तिथे सोबत होईल. आणि सुट्टीत येताना तिथल्या दुकानातून योरुबा लेखिकांची एक-दोन पुस्तकं आणायला सांगा, इथे ती सहज मिळत नाहीत. आली की कोणती आणली ते मला लिहा, पुढच्या वाचकाला मी तुमच्या नावाने सांगेन.